जगण्यासाठी पाणी सोडणारे

आमच्या जुन्या घरामागे सिमेंटचा हौद होता. वर्षातून दोनदा तो उपसायचे. पाणी तळाला आलं की गाळात लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळताना दिसायच्या. गाळाची बादली मागच्या फरशीवर ओतली की उन्हात त्या थोडा वेळ तडफडायच्या, आणि तासाभराने फरशीला चिकटलेली तपकिरी रेघ तेवढी उरायची. संध्याकाळी त्याच फरशीवर पाणी मारलं जायचं. त्या रेघेत पुन्हा हालचाल झालेली मी कधी पाहिली नाही. अळी वाळली म्हणजे मेली, यात शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

या लाल अळ्या डासाच्या नव्हेत. नदीकाठी संध्याकाळी डोक्यावर खांबासारखा उंच थवा करून घोंगावणारी, डासासारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं असतात, त्यांच्या या अळ्या. शास्त्रात या कुळाला कायरोनोमिडी म्हणतात. आपल्या रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन यांच्याही अंगात असतं, त्यामुळे गाळातल्या तुटपुंज्या ऑक्सिजनवर त्यांचं भागतं. घरी मासे पाळणारे लोक त्यांना ब्लडवर्म म्हणतात आणि माशांना खाऊ घालतात. चिलटाच्या आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणूनच जातो. पंख फुटल्यावर हातात थोडेच दिवस असतात, आणि ते जोडीदार शोधण्यात आणि अंडी घालण्यात संपतात.

या साध्यासुध्या कुळात दोन अळ्या अशा आहेत, की त्यांच्याबद्दल वाचल्यावर मला हौदाकाठची ती तपकिरी रेघ पुन्हा आठवली. एक राहते आफ्रिकेतल्या तापलेल्या खडकांवर, दुसरी अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली. मराठीत ‘पाणी सोडणं’ म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडणं. पळीतलं पाणी हातावरून ताम्हनात सोडलं की दिलेली वस्तू आपली उरत नाही. या दोन अळ्या जगण्यासाठी खरोखरच पाणी सोडतात, तेही स्वतःच्या अंगातलं. एक जवळजवळ सगळं सोडते, दुसरी मोजून सोडते.

आफ्रिकेतली आधी पाहू. उत्तर नायजेरियात ग्रॅनाइटचे मोठमोठे उघडे खडक आहेत. त्यांच्या पाठीवर वीतभर, हातभर खळगे असतात. पावसाळ्यात ते भरतात, आणि दोनचार दिवस ऊन पडलं की आटतात. मग पुन्हा सर आली की पुन्हा भरतात. पावसाळा संपला की सहारातून येणारा कोरडा, धुळीचा हर्मटान वारा सुरू होतो आणि सातआठ महिने त्या खळग्यांत पाण्याचा थेंब नसतो. कोकणातल्या सड्यावरची किंवा कासच्या पठारावरची डबकी ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही जागा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. आपल्याकडच्या त्या डबक्यांतही फेअरी श्रिम्प नावाचे इवलेसे प्राणी असतात. त्यांची अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. पण अंडं म्हणजे वाट पाहण्यासाठीच बांधलेली डबी. नायजेरियाच्या खडकावर जी वाट पाहते ती पूर्ण वाढत आलेली अळी आहे. तिला तोंड आहे, आतडं आहे, स्नायू आहेत, मज्जातंतू आहेत, आणि या सगळ्यासकट ती वाळते.

पॉलिपेडिलम व्हॅन्डरप्लँकी हे तिचं शास्त्रीय नाव. एफ. एल. व्हॅन्डरप्लँक यांनी नायजेरियातून आणलेल्या अळ्यांवरून ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड हिन्टन यांनी १९५१ मध्ये या जातीचं वर्णन केलं. ही अळी वाळवली तरी तिला इजा होत नाही, ही बाब त्यांनी लेखाच्या शीर्षकातच घातली होती. पुढे जपानमधल्या संशोधकांनी तिचा ध्यासच घेतला. त्यांच्या भाषेत तिचं नाव आहे झोपणारं चिलट.

ती वाळते कशी, हे सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण सावकाशपणा हीच त्यातली मुख्य गोष्ट आहे. अळी आपली लाळ आणि गाळ यांची एक नळी बांधते आणि तिच्यात राहते. खळगा आटू लागला की ओल आधी बाहेरच्या मातीतून जाते, मग नळीतून, मग अळीच्या अंगातून. हे सगळं व्हायला दोन दिवस लागतात. नळीतून काढून तीच अळी झटपट वाळवली, तर ती हौदातल्या अळ्यांसारखीच मरते. तिला ते दोन दिवस लागतात, कारण त्या वेळात तिला एक काम उरकायचं असतं.

पाणी कमी होऊ लागलं की अंगातले क्षार दाट होतात. तो इशारा. मिठाच्या एक टक्का द्रावणात ठेवलेल्या अळ्या भोवती भरपूर पाणी असूनही हे काम सुरू करतात, म्हणजे त्या पाणी किती आहे हे पाहत नाहीत, खारटपणा पाहतात. इशारा मिळाला की शरीरातल्या चरबीच्या पेशींमध्ये साठवलेलं ग्लायकोजेन मोडून तिथे ट्रेहॅलोज नावाची साखर तयार होऊ लागते. आपल्या रक्तात जसं ग्लुकोज असतं तशी बहुतेक कीटकांच्या रक्तात हीच साखर असते, त्यामुळे ती काही या अळीची खास वस्तू नव्हे. खास आहे ते प्रमाण. वाळून पूर्ण झालेल्या अळीच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा ट्रेहॅलोज असतो. आणि पाणी? ३ टक्क्यांहूनही कमी.

हे सगळं कोण घडवतं? स्वाभाविक उत्तर मेंदू. संशोधकांनी मेंदू वेगळा करून पाहिला. मेंदू नसलेली शरीरंही नीट वाळली, आणि पाणी मिळाल्यावर हलू लागली. वरून हुकूम येत नाही. प्रत्येक ऊतक आपापल्या परीने वाळण्याची तयारी करतं. मला या सबंध कहाणीत हा प्रयोग सर्वात विलक्षण वाटतो.

पाणी गेल्यावर एरवी पेशी मरते ती का, हे कळलं तर साखरेचं काम कळतं. पेशीतली प्रथिनं म्हणजे विशिष्ट घड्या घातलेल्या लांब साखळ्या. त्या घड्या टिकतात त्या बऱ्याच अंशी भोवतालच्या पाण्यामुळे. पाणी गेलं की घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात. पेशीभोवतीचे पातळ पडदे एकमेकांना चिकटतात, फाटतात. नंतर पाणी घातलं तरी हा गुंता सुटत नाही. अंड्याचा पांढरा एकदा शिजला की थंड केल्याने पुन्हा पातळ होत नाही, तसंच काहीसं. ट्रेहॅलोजचे रेणू पाण्याच्या जागी जाऊन प्रथिनांना आणि पडद्यांना धरून ठेवतात, आणि मग स्वतः घट्ट होतात.

घट्ट होतात म्हणजे काय, यासाठी स्वयंपाकघरात जावं लागेल. साखरेचा पाक सावकाश मुरू दिला की खडीसाखर होते. तिच्यात साखरेचे रेणू ओळीने, शिस्तीत बसलेले असतात. चिक्कीचा पाक मात्र कडक तापवून झटपट थंड होतो, तेव्हा रेणूंना ओळी धरायला सवडच मिळत नाही. जो जिथे असेल तिथेच थिजतो. म्हणून चिक्की काचेसारखी पारदर्शक दिसते आणि काचेसारखीच तडकते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती काचच आहे. वाळलेल्या अळीच्या आत नेमकी अशी साखरेची काच असते, आणि पेशीतला प्रत्येक भाग चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखा आपल्या जागी पक्का बसलेला असतो. खडीसाखरेसारखे स्फटिक झाले असते तर त्यांच्या टोकदार कडांनी पेशी फाडल्या असत्या. काचेला कडा नसतात.

पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की चिकट होते, हेही सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हवेतली ओल काचेत शिरते आणि काच पुन्हा पाक होऊ लागते. अळीची सुटका अशीच होते. खळग्यात पाणी आलं की साखरेची काच विरघळते, सगळे भाग मोकळे होतात, आणि तासाभरात अळी वळवळू लागते.

साखर एकटी मात्र पुरत नाही. १९८१ च्या सुमारास सरकीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना पिकत आलेल्या दाण्यात एक प्रथिनांचा गट सापडला होता. दाणा वाळताना आतला अंकुर सांभाळणारी ती प्रथिनं, त्यांना लेआ म्हणतात. ज्वारीचं, हरभऱ्याचं बी कणगीत कोरडं राहूनही पेरल्यावर उगवतं, त्यात यांचा वाटा मोठा. या चिलटाच्या अंगात त्याच जातकुळीची प्रथिनं निघाली. कीटकांत ती सहसा नसतात. २०१४ मध्ये या अळीचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा तिच्या जवळच्याच एका भावंडाशी, पॉलिपेडिलम न्यूबिफरशी, तुलना केली गेली. ते भावंड वाळलं की मरतं, आणि त्याच्यात ही जनुकं नाहीत. संशोधकांचा कयास असा, की फार पूर्वी कधीतरी एखाद्या जिवाणूकडून असं एक जनुक या चिलटाच्या वंशात शिरलं आणि मग त्याच्या प्रती वाढत गेल्या.

एवढी जय्यत तयारी असूनही वाळणं फुकट पडत नाही. वाळताना आणि पुन्हा भिजताना अळीच्या डीएनएचे धागे ठिकठिकाणी तुटतात. वळवळ तासाभरात सुरू होते खरी, पण आतली ही मोडतोड दुरुस्त व्हायला तीनचार दिवस जातात. तासाभरात जिवंत होणारी अळी म्हणून तिचं जे कौतुक होतं, त्यात हे तीनचार दिवस सांगायचे राहून जातात.

वाळलेल्या अळीवर शास्त्रज्ञांनी किती प्रकारचे प्रसंग आणले हे वाचताना खरोखर जीव हेलावतो. हिन्टन यांनी तिला १०२ अंश सेल्सिअसमध्ये एक मिनिट ठेवलं. द्रवरूप हेलियममध्ये, उणे २७० अंशांत बुडवलं. इतरांनी तिला आठवडाभर शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवलं. माणसाला ५ ग्रे इतका किरणोत्सर्ग अंगभर मिळाला तरी तो बहुधा दगावतो. या अळ्यांतल्या काही ७००० ग्रे गॅमा किरण झेलूनही पाणी मिळताच हलल्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर, उघड्या अवकाशात राहून आलेल्या काही अळ्याही पुन्हा जिवंत झाल्या. आणि १७ वर्षं कोरड्या पडून राहिलेल्या अळीने पाणी मिळाल्यावर हालचाल केल्याचीही नोंद आहे. यातलं काहीही नायजेरियाच्या खडकावर घडत नाही. तिथे तिला फक्त पुढच्या पावसापर्यंत टिकायचं असतं. बाकीची ताकद त्या एका गरजेपोटी आपसूक आलेली आहे.

वाळलेल्या अवस्थेत तिच्यात जगण्याची एकही खूण मोजता येत नाही. श्वास नाही, पचन नाही. छताच्या पन्हळीतल्या कोरड्या धुळीत पाणी घातल्यावर सूक्ष्म प्राणी पोहू लागल्याचं डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेवेनहुक यांनी १७०२ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि १९५९ मध्ये जीवशास्त्रज्ञ डेव्हिड केलिन यांनी या अवस्थेला क्रिप्टोबायोसिस, म्हणजे लपलेलं जीवन, असं नाव दिलं. तो शब्द मला आवडतो. मेलेलं आणि जिवंत या दोहोंपैकी एक निवडण्याची सक्ती तो करत नाही.

आता दक्षिणेला, थेट टोकाला जाऊ. ऑगस्ट १८९७ मध्ये बेल्जिका नावाचं जहाज अँटवर्पहून अंटार्क्टिकाकडे निघालं. मोहिमेचे प्रमुख होते आद्रियां द जेर्लाश. पुढे दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणारे रोआल्ड अमुंडसेन तेव्हा याच जहाजावर एक अधिकारी होते. १८९८ चा सबंध हिवाळा हे जहाज बर्फात अडकून पडलं. त्यावर एमिल राकोविता नावाचे रोमानियन निसर्गअभ्यासक होते. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांत काळपट, मुंगीसारखा दिसणारा एक किडा होता. १९०० मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि नाव जहाजावरून पडलं, बेल्जिका अंटार्क्टिका.

हे चिलट आहे, पण त्याला पंख नाहीत. त्याच्या गणाचं नावच डिप्टेरा, दोन पंखांचे. आणि या पोरक्या वाटणाऱ्या किड्याने तेवढेही ठेवले नाहीत. तिथल्या वाऱ्यात उडणारं चिलट समुद्रावर फेकलं जाण्याचीच शक्यता जास्त, आणि पंख पोसायला लागणारी शक्ती वाचते ती वेगळीच. लांबी २ ते ६ मिलिमीटर. तरीही अंटार्क्टिकाच्या जमिनीवर आयुष्यभर राहणारा हा सर्वात मोठा प्राणी आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचावं लागलं. पेंग्विन आणि सील मोठे आहेत, पण ते पोट भरतात समुद्रावर. केवळ जमिनीवर जगणाऱ्यांत कोळीवर्गीय माइट, स्प्रिंगटेल असे सूक्ष्म जीव आणि त्यांच्यात मोठा म्हणून हा किडा. अंटार्क्टिकाबाहेर तो कुठेही नाही, आणि अंटार्क्टिकातही फक्त पश्चिमेकडचं द्वीपकल्प आणि लगतची बेटं एवढंच त्याचं गाव. भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन स्थानकं पूर्व अंटार्क्टिकात आहेत, त्यामुळे तिथल्या आपल्या माणसांना तो भेटत नाही.

त्याच्या अळ्या शेवाळात, हिरव्या बुरशीसारख्या दिसणाऱ्या शैवालात, पेंग्विनच्या वसाहतीभोवतीच्या खतावलेल्या मातीत राहतात. वाढ पूर्ण व्हायला दोन वर्षं लागतात, कारण खायला मिळतं ते फक्त उन्हाळ्यात, आणि तो उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा. बाकीचे महिने अळी गोठलेल्या मातीत असते.

इथेच दोन्ही अळ्यांची गाठ पडते. अंटार्क्टिकात पाणी अमाप आहे, पण ते बर्फ झालेलं आहे, आणि किड्याला बर्फाचा काही उपयोग नाही. उलट बर्फ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतो. शून्याखाली गेलेलं पण अजून न गोठलेलं पाणी आणि तितकाच गार बर्फ शेजारी असले, तर पाण्याची वाफ जास्त जोराने सुटते आणि बर्फावर जाऊन बसते. फ्रीझरमध्ये उघडे राहिलेले मटार महिन्याभरात सुरकुततात आणि डब्याच्या झाकणाला बर्फाचा भुगा धरतो, ती याच्या जवळचीच गोष्ट. गोठलेल्या मातीतली अळी अशीच आतून सुकत जाते. म्हणजे थंडीच्या आत दुष्काळ दडलेला असतो. पेशीला नायजेरियाचं ऊन आणि अंटार्क्टिकाचा बर्फ यांत फारसा फरक करता येणार नाही. दोघेही तिच्याकडून एकच गोष्ट मागतात.

बेल्जिकाच्या अळीने या सुकण्याशी झगडा मांडलेला नाही. तिची त्वचा पाणी अडवत नाही. ती पाणी जाऊ देते, आणि जसजसं पाणी जातं तसतसे उरलेले द्रव दाट होत जातात. दाट द्रव उशिरा गोठतो. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याभोवती बर्फात खडेमीठ घालतात ते याच कारणाने. खारं पाणी शून्याखालीही पातळ राहतं. अळीचे द्रव भोवतालच्या बर्फाच्या तापमानाला पातळ राहण्याइतके दाट झाले की पाणी जाणं आपोआप थांबतं. अंगात बर्फ होतच नाही. अंगातलं ७० टक्क्यांपर्यंत पाणी गेलं तरी ती टिकते. माती फार ओली असेल आणि बर्फाचे स्फटिक थेट अंगाला भिडले तर मात्र ती खरोखर गोठते, आणि तेही सोसते, कारण तो बर्फ पेशींच्या आत न होता मधल्या जागेत होतो.

आणि सुकताना ती काय बनवते? ट्रेहॅलोज. तीच साखर. सोबत ग्लिसरॉलसारखे आणखी काही पदार्थ असतात, पण दोन खंडांवरच्या, एकमेकींपासून केव्हाच दुरावलेल्या दोन अळ्यांच्या हाती अडचणीच्या वेळी एकच वस्तू लागावी, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं. बेल्जिकाची अळी काच होण्याइतकी पुढे जात नाही. तिचं काम पाकावर भागतं. सावकाशपणाचा नियम मात्र तिलाही लागू आहे: हळूहळू सुकलेली अळी चांगली टिकते, आणि अशी सुकलेली अळी थंडीही जास्त सोसते. नायजेरियात हा वेग गाळाची नळी आवरते, इथे बर्फाची दुलई. वर हवा कितीही गार झाली तरी जाड बर्फाखालची माती सहसा उणे ७ अंशांच्या फार खाली उतरत नाही, आणि जी काही उतरते ती हळू.

तिच्या अंगातली आणखी एक गोष्ट मला फार शिकवून गेली. हीट शॉक प्रथिनं म्हणून ओळखली जाणारी काही प्रथिनं असतात. इतर प्रथिनांच्या घड्या बिघडू लागल्या की ती सरळ करणं हे त्यांचं काम. बहुतेक प्राणी ती संकट आल्यावरच बनवतात, कारण सतत बनवायला शक्ती लागते आणि वाढ खुंटते. बेल्जिकाची अळी ती बाराही महिने बनवते. भातलावणीच्या दिवसांत पाऊस थांबला तरी अंगावरचं इरलं न उतरवणाऱ्या माणसासारखी ती वागते. पुढची सर कधी येईल याचा नेम नसतो. प्रौढ झालेलं चिलट मात्र इतर किड्यांप्रमाणे गरजेपुरतीच ती प्रथिनं बनवतं. त्याला हिवाळा पाहायचाच नसतो.

२०१४ मध्येच बेल्जिकाचाही जनुकसंच वाचला गेला. तो डीएनएच्या ९.९ कोटी अक्षरजोड्यांचा निघाला, तोवर वाचलेल्या कीटकांत सर्वात लहान. जनुकं मात्र सुमारे १३,५०० आहेत, म्हणजे इतर माश्यांइतकीच. गेलं ते जनुकांच्या मधलं, वरवर पाहता फारसं काम नसलेलं लिखाण. झोपणाऱ्या चिलटाचा जनुकसंचही १० कोटींच्या आसपासच आहे. माणसाचा ३०० कोटींचा.

मग दोघींत फरक कुठे? मला तो जागं होण्यात दिसतो. झोपणारं चिलट स्वतः काहीच ठरवत नाही. पाऊस आज आला काय आणि तीन वर्षांनी आला काय, पाणी शिरलं की अळी उठते, डबकं आटलं की पुन्हा वाळते. तिचं आयुष्य हप्त्याहप्त्याने पुरं होतं. बेल्जिकाला असं चालणार नाही. तिचं प्रौढ आयुष्य आठदहा दिवसांचं. पंख नसल्यामुळे जोडीदार चालतच शोधायचा. सगळ्यांनी एकाच वेळी कोशातून बाहेर पडलं नाही तर भेट होणारच नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून तिची युक्ती कळली. पहिल्या हिवाळ्यात लहान अळी नुसती थबकते. ऊब आली की लगेच पुढे चालू लागते. दुसऱ्या हिवाळ्यात शेवटच्या टप्प्यातली अळी मात्र ठरवून झोपते, आणि या झोपेतून उठायला तिला दीर्घ थंडीच लागते. त्यामुळे पुढे राहिलेल्या आणि मागे पडलेल्या सगळ्या अळ्या एका रेषेत येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदमच बाहेर निघतात.

झोपणाऱ्या चिलटाकडून माणसाला काय घेता येईल, यावर जपानमध्ये आणि रशियात काम चालू आहे. त्याच्या पेशींचा एक वाण प्रयोगशाळेत वाढवला जातो. तो ट्रेहॅलोजमध्ये भिजवून, वाळवून, आठ महिन्यांच्या वर साध्या खोलीच्या तापमानाला ठेवला, आणि पाणी घातल्यावर त्यातल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या. गावोगावी लस नेताना बर्फाच्या डब्यांची शीतसाखळी सांभाळणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारलं, तर फ्रीजशिवाय टिकणाऱ्या जिवंत पेशीचं मोल ती नेमकं सांगेल. लस अजून त्या टप्प्यावर आलेली नाही. पण वाट दिसते आहे.

बेल्जिकाकडून असं काही काढून घेण्यापेक्षा तिच्याकडे लक्ष ठेवण्याची वेळ आधी आली आहे. इतकं सोसणारी ही अळी १० अंश सेल्सिअसच्या उबेत आठवडाभरात मरते, आणि ३० अंशांत काही तासांत. अंटार्क्टिकाचं द्वीपकल्प गेल्या काही दशकांत झपाट्याने तापलं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अळ्यांना सहा महिने उणे ५, उणे ३ आणि उणे १ अंश अशा तीन हिवाळ्यांत ठेवलं होतं. आपल्याला तिन्ही सारखेच गार वाटतील. उणे १ मधल्या अळ्या जास्त मेल्या, आणि उरलेल्यांच्या अंगात शक्तीचा साठा कमी शिल्लक होता. थंडी कमी म्हणजे शरीराच्या चुलीतला विस्तव पूर्ण मंदावत नाही. खाणं बंद असताना साठा जळत राहतो.

प्रौढ बेल्जिका काही खात नाही. अळीने दोन वर्षांत जे साठवलं त्यावरच तिला आठदहा दिवस चालायचं असतं, जोडीदार गाठायचा असतो, अंडी घालायची असतात. अंडी घातल्यावर मादी त्यांच्यावर एका जेलीचं आवरण चढवते. ती जेली अंडी सुकू देत नाही, उन्हात फार तापू देत नाही, आणि बाहेर आलेल्या पिल्लांचं पहिलं अन्नही तीच असते. एवढी जेली बनवायला मादीच्या अंगात पुरेसा साठा उरतो की नाही, हे तिने बर्फाखाली काढलेले दोन हिवाळे किती गार होते यावर ठरतं.